नऊ सेंटिमीटरची पद्मिनी

शनिवार, रात्री

दिवसभर पाऊस धरून होता, म्हणून आज मॉडेल गाडीच्या रंगाला हातच लावला नाही. एवढ्या दमट हवेत लॅकर मारला तर थिनर उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि काळा रंग दुधाळ होतो. तसा झाला की पुन्हा घासण्यावाचून गत्यंतर नाही. ठाण्यात जून ते सप्टेंबर या छंदात निम्मं काम असतं आणि निम्मी वाट बघणं. मला ती वाट बघणंही आवडतं.

मग कपाट काढलं. सिलिका जेलच्या पुड्या बदलल्या. एकेक गाडी उचलून टायर खाली चिकटायला लागलेत का ते पाहिलं. पीव्हीसीचे टायर मऊ राहावेत म्हणून त्यात जे प्लास्टिसायझर घालतात, ते वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर झिरपतं आणि खालच्या पारदर्शक प्लास्टिकवर चरे पडल्यासारखे डाग पाडतं. म्हणून मी माझ्या गाड्या अ‍ॅक्सलखाली बारीक आधार देऊन चाकं किंचित अधांतरी ठेवते. घरी येणाऱ्यांना हे दिसत नाही. दिसू नये अशीच मांडणी आहे.

धातूचीही काळजी असतेच. डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या गाडीचा धातू मुख्यतः जस्त, त्यात साधारण ४ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि थोडंसं तांबं-मॅग्नेशियम. हे मिश्रण ४०० अंशांच्या आत वितळतं, म्हणून पोलादी साच्यात दाबाने भरता येतं आणि रेडिएटरच्या जाळीसारखं बारीक कामही त्यात उमटतं. पण मिश्रणात शिशाचा अंश राहिला, तर धातू आतून फुगतो, तडकतो आणि शेवटी बोटांत त्याचा भुगा होतो. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या कितीतरी मॉडेल गाड्या अशाच गेल्या. दमट हवेत हे आणखी लवकर होतं. माझ्याकडे इतकं जुनं काही नाही, तरी खाडीच्या या गावात राहून मी दर पावसाळ्यात दरवाज्यांच्या कडा भिंगाखाली बघते.

कपाटात वरच्या कप्प्यात १:१८च्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या अठराव्या हिश्श्याएवढ्या, थोड्या गाड्या आहेत, जुन्या खरेदीच्या. २०२०च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क २० वरून ६० टक्क्यांवर गेलं, २०२३मध्ये ७० झालं. तेव्हापासून मोठ्या स्केलला मी हात आखडता घेतला. एका परीने बरंच झालं. विकत घेणं कमी झालं आणि हाताने काम करणं वाढलं. बाकीचे तीन कप्पे १:४३चे, आणि जीव खरा तिथेच आहे.

१:४३ हा आकडा विचित्र वाटतो, पण त्याचं मूळ रेल्वेच्या खेळात आहे. ब्रिटनमध्ये ओ गेज नावाच्या मापाच्या खेळण्यातल्या आगगाड्या एका फुटाला सात मिलिमीटर या हिशेबाने बनत. एक फूट ३०४.८ मिलिमीटर, त्याला सातने भागलं की साडेत्रेचाळीस येतात. त्या रुळांशेजारी शोभतील अशा मोटारी याच मापाच्या केल्या आणि माप टिकून राहिलं. मॅचबॉक्स या छोट्या खेळण्यातल्या गाड्यांचं उलट. जॅक ओडेल या इंजिनिअरच्या मुलीला शाळेत काडेपेटीत मावेल तेवढंच खेळणं न्यायची परवानगी होती, म्हणून त्याने तिला एक पितळी रोडरोलर करून दिला. १९५३पासून विकायला आलेली ती मालिका त्यातूनच जन्मली. तिथे गाडीचा आकार डबीवरून ठरे, म्हणून लॉरी आणि मोटार एकाच लांबीच्या दिसत. मुलांच्या हातात ते शोभतं. कपाटात मात्र मला सगळ्या गाड्या एकाच हिशेबाने लहान झालेल्या हव्यात, म्हणजे शेजारी ठेवल्या की अँबॅसेडर खरोखरच फियाटपेक्षा एक सेंटिमीटरने लांब दिसते.

सध्या टेबलावर जी आहे ती साधारण नऊ सेंटिमीटरची. खरी गाडी ३.९ मीटरची. इटलीच्या फियाट ११०० डीचं मॉडेल, फिकट निळं. मला तिची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे त्याच फियाटची आपल्याकडे बनलेली गाडी, करायची आहे, तीही मुंबईची काळी-पिवळी.

रविवार

आज उघडीप होती. खालचे रिवेट ड्रिलने काढले आणि बॉडी, काचा, सीट, तळ असं सगळं सुटं केलं. निळा रंग रिमूव्हरने उतरवला. जस्ताचं राखाडी अंग दिसायला लागलं की गाडीचा खरा आकार कळतो, कारण रंग बरंच काही झाकून टाकतो.

रंगाबद्दल एक लिहून ठेवते. खऱ्या मोटारीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण एक दशांश मिलिमीटर जाडी असते. ती ४३ पटींनी कमी करायची तर मॉडेलवरचा रंग दोन-अडीच मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हवा. तेवढा पातळ रंग कुणालाच मारता येत नाही. मॉडेलवर तीस मायक्रॉन जरी बसले, तरी खऱ्या गाडीच्या हिशेबात तो सव्वा मिलिमीटर जाडीचा लेप झाला. बॉनेटच्या कडा गोल होतात, दरवाज्याच्या फटी बुजतात, आणि बघणाऱ्याला काय खटकतंय ते न कळता गाडी खेळण्यासारखी दिसते. म्हणून प्रायमर अगदी विरळ, आणि मधे दर वेळी बारीक पॉलिश पेपर पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासायचं. जितकं काढून टाकता येईल तितकं चांगलं.

दुपारी बाबा चरईतून चालत आले. चहा झाल्यावर मी उघडी बॉडी त्यांच्यापुढे ठेवली. बाबांची सगळी नोकरी कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये झाली, बॉडी शॉपला. दरवाजे बसवून झाले की फिटिंग तपासायचं काम. सकाळची लोकल, संध्याकाळची लोकल. लोकल बंद पडली की लालबहादूर शास्त्री मार्गाने बस. शीवहून निघालेला तो रस्ता कुर्ल्यावरून थेट ठाण्यात येतो, म्हणून लहानपणी मला वाटे की बाबांचा कारखाना आमच्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला आहे.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, गाडी डोळ्यांच्या अगदी जवळ नेली. मग डोळे मिटले आणि अंगठा छतावरून मागच्या काचेवरून डिकीपर्यंत सावकाश नेला. परत आणला. पुन्हा नेला. कारखान्यात ते हातमोजा घालून पत्र्यावरून असाच हात फिरवत, हे मी आजवर फक्त ऐकलं होतं.

"उतार बरोबर आहे," म्हणाले. "पण अगं, ही दरवाज्याची फट किती आहे?"

मोजली. ०.३ मिलिमीटर. त्रेचाळीसने गुणलं, तेरा आले.

"तेरा मिलिमीटर? अशी गाडी आम्ही लाइनवरून पुढे जाऊच दिली नसती."

मी म्हटलं, बाबा, साचा जुना आहे, सगळ्याच मॉडेलांना एवढी असते. त्यांना ते मान्य नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. मग ठरलं की सगळ्या फटी पुट्टीने भरायच्या, सुकू द्यायच्या आणि सुईच्या टोकाने नव्याने रेघ ओढायची. एक दशांश मिलिमीटरची रेघ जमली तर खऱ्या गाडीच्या चार-साडेचार मिलिमीटर झाल्या. बाबा म्हणाले, तेवढ्याला शिक्का मारू.

मग स्टिअरिंग. इटलीची गाडी म्हणून ते डावीकडे. नुसतं चाक उचलून उजवीकडे चिकटवून भागत नाही. डॅशबोर्डच उलटा करायला हवा, नाहीतर स्पीडोमीटर शेजारी बसलेल्याच्या पुढ्यात राहतो. आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या दांड्यालाच, खाली जमिनीवर नाही. शेवटी शेवटी काही गाड्यांना तो खाली आला, पण टॅक्सीत आपण पाहिलेला तो वरचाच. तो दांडा मी गिटारच्या तारेच्या तुकड्याचा करणार आहे. नऊ सेंटिमीटरच्या गाडीत, काचेच्या आत. कुणी वाकून बघेल तरच दिसेल, आणि असावा तो.

याच गाडीच्या आधीच्या गोलमटोल फियाटची आठवण निघाली, जिला सगळा महाराष्ट्र डुक्कर फियाट म्हणायचा. तिचे पुढचे दरवाजे उलटे, मागच्या बाजूला बिजागरी असलेले. तिचंही १:४३ मॉडेल मिळालं पाहिजे. बाबांनी तो दरवाजा उघडायची अख्खी कृती हवेत हात करून दाखवली.

मंगळवार, रात्री

आज ऑफिसातून येताना राममारुती रोडवरून टूथपिक, इअरबड आणि बारीक मास्किंग टेप आणली. जेवणं उरकून पुन्हा टेबलाशी.

काळा रंग बाटलीतला सरळ वापरायचा नाही. खऱ्या गाडीकडे आपण काही पावलांवरून बघतो, मधे हवा असते, आणि उजेडात काळा थोडा फिका पडतो. लहान वस्तूवर शुद्ध काळा मारला की ती वस्तू भोकासारखी दिसते, तिचे उठाव नाहीसे होतात. म्हणून काळ्यात किंचित राखाडी मिसळते. पिवळ्यात पांढऱ्याचा थेंब. आधी पिवळं छत, मग ते झाकून खालचा काळा.

बोनेटच्या डाव्या कडेला, काचेच्या पुढे, बाहेर बसवलेला मीटर. आपल्या टॅक्सीची ही खूण. आत नाही, बाहेर: पावसात भिजणारा, ज्याचा झेंडा ड्रायव्हर खिडकीतून हात काढून खाली पाडायचा. छतावर सामानाचा कॅरिअर. नंबरप्लेट पिवळी, अक्षरं काळी, एमएच ०१. पद्मिनीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी राहिली नाही. त्या दिवशी मी कामात होते आणि मोबाइलवर बातमी वाचली. रात्री झोप लागली नाही. जिच्या मागच्या सीटवर आजीला घेऊन परळच्या दवाखान्यात गेलो, जिच्या डिकीत गावची आंब्याची पेटी ठेवली, तिचं नीट मापातलं मॉडेल माझ्या कपाटात नसावं, हे तेव्हापासून सलत होतं.

फेरारीची मॉडेलं पुष्कळ आहेत, उत्तम आहेत. त्यांच्या इंजिनातल्या वायरीसुद्धा लोक वेगवेगळ्या रंगांच्या करतात. त्या कारागिरीपुढे मी मान झुकवते. पण तेवढीच मेहनत आपल्या रस्त्यावरच्या गाडीवरही व्हायला हवी. बारकावा म्हणजे किती दरवाजे उघडतात याची मोजदाद नव्हे, असं मला दिवसेंदिवस जास्त पटतंय. माझ्याकडे चारही दरवाजे, बॉनेट, डिकी उघडणारी एक १:१८ आहे आणि तिची बैठकच चुकलेली आहे: चाकं मडगार्डच्या फार आत. काहीही न उघडणारी एक लहानशी गाडी आहे, जी कपाटातून बघताना चालू होईल असं वाटतं.

बैठकीवरूनच आज बाबांशी फोनवर अर्धा तास वाद झाला. सीएनजी आल्यावर टॅक्सीच्या डिकीत टाकी बसली. त्या वजनाने आणि वर्षानुवर्षांच्या प्रवाशांनी पाटे, म्हणजे मागच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, थकले आणि गाडी मागून खाली बसली. माझ्या आठवणीतली प्रत्येक काळी-पिवळी अशीच, नाक थोडं वर. मला ती तशीच हवी.

बाबा म्हणाले, "आमच्या गेटमधून निघालेली गाडी मागून बसलेली नसायची."

"बाबा, पण ही गेटमधली नाही. ही वीस वर्षं चाललेली आहे."

"मग पाटे बदलून घ्यायचे होते त्याने."

मी हसले, ते हसले नाहीत. त्यांच्या दृष्टीने ती त्यांच्या हाताखालून गेलेली गाडी आहे, आणि तिची उभं राहण्याची ढब बिघडलेली दाखवणं म्हणजे त्यांच्या कामावर बोट ठेवणं. हे मला फोन ठेवल्यावर उमजलं. त्यांचं म्हणणं चूक आहे असं मी म्हणू शकत नाही. माझंही नाही. त्या गाडीची दोन आयुष्यं झाली, एक कुर्ल्याच्या कारखान्यात आणि एक मुंबईच्या रस्त्यावर, आणि एका मॉडेलमध्ये दोन्ही मावत नाहीत.

पुन्हा त्यांचाच फोन आला. किती बसवणार आहेस म्हणून विचारलं. म्हटलं, दोन बोटं. दोन बोटं म्हणजे साडेतीन सेंटिमीटर, त्रेचाळीसने भागलं तर ०.८ मिलिमीटर. मागच्या अ‍ॅक्सलची खाच तेवढीच वर कानशीने घासायची. "जास्त घासू नकोस," म्हणाले, "आणि दोन्ही बाजू सारख्या घास, नाहीतर गाडी एका कुशीवर कलेल."

आणि अट घातली. दुसरं एक फियाट ११०० मॉडेल मिळवायचं आणि ते क्रीम रंगात करायचं. मीटर नाही, कॅरिअर नाही, मागून सरळ. मी लगेच हो म्हटलं. फक्त नंबरप्लेटवर गाडं अडलंय. मला एमएच ०४ लिहायचंय, ठाण्याची गाडी म्हणून. बाबा म्हणतात, ती गाडी कुठल्या साली गेटबाहेर पडली ते आधी ठरव. साल जुनं असेल तर तेव्हा एमएच नव्हतंच, पाटी जुन्या पद्धतीची लागेल. म्हटलं, साल तुम्हीच सांगा. उद्या ट्रंकेतल्या पगाराच्या जुन्या चिठ्ठ्या काढून बघतो म्हणाले.