डोंगरातले मीठ

चतुर्थीसाठी सिंधुदुर्गातल्या शिरोड्याला आलो की ऑस्ट्रियाविषयी पहिले प्रश्न बर्फाचे आणि पगाराचे येतात. या वेळी मात्र मी राहतो त्या भागातल्या हालश्टाट या गावाचे मीठ डोंगरातून निघते असे सांगितले, तेव्हा उभी हयात मिठागरात काढलेल्या काकांचा अडकित्ता थांबला.

“डोंगरात मीठ? थंय दर्या खंय आसा?”

दर्या होता, सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी. तो आटला, मिठाच्या थरांवर गाळ साचत गेला आणि आल्प्स उचलला गेला तेव्हा ते थरही वर आले. आपल्याकडे भरतीचे पाणी वाफ्यांत अडवून ऊन जे करते तेच तिथे झाले, फक्त मीठ ओढून घ्यायला कोणी नव्हते.

गाव आठशेहूनही कमी वस्तीचे आहे. समोरचे तळे गोड्या पाण्याचे, १२५ मीटर खोल. मागे उभा कडा, आणि दोहोंमधल्या चिंचोळ्या पट्टीत घरे एकावर एक रचल्यासारखी. १८९० मध्ये रस्ता होईपर्यंत होडी किंवा पायवाट हाच मार्ग होता. रेल्वे स्थानक आजही पलीकडच्या काठावर असून तिथून बोटीनेच यावे लागते. दफनालाही जागा अपुरी, म्हणून जुनी थडगी उकरून हाडे एका खोलीत ठेवत. तिथल्या सुमारे १,२०० कवट्यांपैकी सहाशेहून अधिक फुलापानांनी रंगवलेल्या आहेत. (हे ऐकून काकी उठून आत गेल्या.)

१८४६ पासून रामसाउअर या खाण अधिकाऱ्याने तिथे सुमारे ९८० प्राचीन थडगी उकरली. त्यांत बाल्टिक समुद्राकडचा अंबर (झाडाच्या चिकाचा दगड झालेला खडा) आणि हस्तिदंतही सापडला, कारण मिठाच्या बदल्यात दूरदेशीचा माल या आडगावात येत होता. इसवी सनपूर्व ८०० ते ४५० या युरोपीय कालखंडाला पुढे याच गावाचे नाव मिळाले. खाणीत सापडलेला लाकडी जिना तर त्याहूनही जुना, इसवी सनपूर्व चौदाव्या शतकातला; मिठात घातलेल्या कैरीसारखा टिकलेला.

काकांना मात्र थडग्यांपेक्षा जळणाची चिंता अधिक होती. खाणीतले खारे पाणी उकळायला लाकूड लागे आणि जवळचे जंगल पुरेना, म्हणून पोखरलेल्या ओंडक्यांची सुमारे ४० किलोमीटरची नळवाट घालून १६०७ पासून ते पाणीच जळण असलेल्या एबेनझे या गावाला नेऊ लागले. मिठाच्या सत्याग्रहाच्या आठवणी सांगणाऱ्या शिरोड्यात, ऑस्ट्रियातही मिठाचा मक्ता सरकारचाच होता हे वेगळे समजवावे लागले नाही.

“आणि पावसात?” काकांनी विचारले. आगोट, म्हणजे पावसाळ्याची सुरुवात, झाली की आपले मिठागर बंद.

डोंगराच्या पोटात पाऊस लागत नाही, खाण बाराही महिने चालते, असे मी म्हणालो.

“म्हणजे तेंका आगोट नाय,” काका म्हणाले.