तुम्ही विचारलंत म्हणून : प्रिंट काढून लॉगिंग कशासाठी?

यवतमाळ जिल्ह्यातील जिनिंगच्या काट्यांसाठी आम्ही वजनपावतीचे सॉफ्टवेअर लिहितो. इथे रुजू होणारी मुले मला नेहमी विचारतात, की पायथन या भाषेतल्या प्रिंटने (मजकूर पडद्यावर उमटवणाऱ्या आज्ञेने) भागत असताना लॉगिंग (प्रोग्रामच्या घडामोडींची पद्धतशीर नोंद) कशाला, आणि आणायचेच तर सगळे प्रिंट एकदम शोधून बदलून का टाकू नयेत.

प्रिंट पडद्यासमोर बसलेल्या माणसासाठी असते. हंगामात पांढरकवड्याच्या काट्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागते तेव्हा आपल्यापैकी कोणीही त्या पडद्यासमोर नसतो. नंतर हाती येते ती फाइल, आणि तीत वेळ, मोड्यूल (प्रोग्रामचा कोणता भाग) व गांभीर्य नसेल तर वाचूनही उलगडा होत नाही. शिवाय पायथनचे आउटपुट फाइलीकडे वळवले की ते बफरमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत) साठते आणि प्रोग्राम अचानक मारला गेला तर नेमक्या शेवटच्या ओळी हरवतात. लॉगिंगचा हँडलर (नोंदी लिहिणारा भाग) प्रत्येक नोंद लगेच ऑपरेटिंग सिस्टिमच्या हवाली करतो. (वीजच गेली तर पुढची हमी तोही देऊ शकत नाही, हे आपल्या भागात लक्षात ठेवलेले बरे.)

एकदम बदलण्याला मात्र माझा ठाम विरोध आहे, कारण सारखे दिसणारे प्रिंट सारखे काम करत नसतात. लॉगिंगमध्ये प्रत्येक नोंदीला गांभीर्याची पातळी असते: खालून वर डीबग, इन्फो, वॉर्निंग अशी. इंडिकेटरकडून (काट्याचे वजन दाखवणाऱ्या यंत्राकडून) सेकंदाला अनेकदा येणारे वजन डीबग पातळीवर जावे, पावती जतन झाल्याची नोंद इन्फोवर आणि सिरियल पोर्टवरून (इंडिकेटर संगणकाला जोडतात त्या जोडणीवरून) अर्धवट वाचन आल्याची वॉर्निंगवर. सर्वांत घातक जागा म्हणजे एक्सेप्शन (प्रोग्राम चालताना उद्भवलेली चूक) पकडून नुसते प्रिंट केलेले असते ती. डिक्शनरीत (नावांनुसार माहिती ठेवणाऱ्या रचनेत) ‘टेअर’ (रिकाम्या गाडीचे वजन) ही की, म्हणजे ते नाव, सापडली नाही, तर पडद्यावर ‘टेअर’ एवढेच उमटते; कोणती फाइल, कोणती ओळ, काहीच कळत नाही. तिथे लॉगरचे एक्सेप्शन हे फंक्शन वापरले की पूर्ण ट्रेसबॅक (चूक कोणत्या फाइलीत, कोणत्या ओळीवर झाली याचा माग) मिळतो. याउलट, दिवसाचा गोषवारा सीएसव्ही (स्वल्पविरामांनी विलग केलेल्या आकड्यांच्या) रूपात पुढच्या प्रोग्रामला पुरवणारे प्रिंट हेच खरे आउटपुट असते आणि ते तसेच राहिले पाहिजे. ते इन्फोत बदलले, तर पायथनच्या लॉगिंगची मूळ पातळी वॉर्निंग असल्यामुळे (तिच्याखालच्या नोंदी गाळल्या जातात) पुढे रिकामी फाइल जाईल आणि एररही कुठे दिसणार नाही.

म्हणून प्रत्येक ओळीपाशी थांबून ती कोण, केव्हा वाचणार आहे हे ठरवावे लागते. शेतकऱ्याचा खाते क्रमांक पडद्यावर उमटला तर वर सरकून जातो. लॉगमध्ये तो महिनोन्महिने राहतो आणि ती फाइल दुरुस्तीच्या निमित्ताने अनेकांच्या हाती पडते. आधारचे किंवा खात्याचे आकडे लॉगमध्ये जाता कामा नयेत, यावर मी तडजोड करत नाही.

एकेक मोड्यूल हाती घ्या आणि झालेल्या फोल्डरवर रफचा (पायथनचा कोड तपासणाऱ्या साधनाचा) टी२०१ हा, प्रिंट दिसताच हरकत घेणारा नियम लावा, म्हणजे तिथे नवा प्रिंट शिरणार नाही. सुरुवात चुकाऱ्याचा (शेतकऱ्याला द्यायच्या पैशांचा) हिशेब करणाऱ्या मोड्यूलपासून करा.