नॉर्वेतली टाकी

गेल्या शनिवारी सकाळी फर्देहून बर्गनला परत निघाले तेव्हा पारा उणे 12 वर होता. गाडी रात्रभर उघड्यावर उभी. झोपताना 190 किलोमीटर दाखवणारी बॅटरी सकाळी 140 वर, आणि हीटर लावल्यावर आकडा माझ्या डोळ्यांदेखत आणखी खाली. घरच्यांना फोनवर ऐटीत सांगणारी मीच, की इथे 2024 मध्ये विकलेल्या दर दहा नव्या गाड्यांपैकी जवळजवळ नऊ विजेवरच्या होत्या!

वाटेत चार्जर सापडला. पाटीवर 150 किलोवॉट, मला मिळाले 31. शेजारी गाडी लावलेल्या आजींनी विचारलं, "बॅटरी गरम करून आणली नाहीस?" नव्हती आणली. चार्ज होताना बॅटरीतलं लिथियम आतल्या ग्रॅफाइटच्या थरांत शिरतं, आणि गारठलेल्या बॅटरीत त्याला वेळ लागतो; घाई केली तर ते बाहेरच धातू होऊन साचतं आणि बॅटरी कायमची खराब होते. म्हणून गाडी स्वतःच वीज कमी घेते. मी मात्र तोवर त्या बिचाऱ्या चार्जरच्या नावाने बोटं मोडत होते.

पेट्रोलची गाडी उधळ्या माणसासारखी. साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा उष्णता होऊन वाया घालवते, पण त्याच उधळपट्टीवर आपण उबेत बसतो. विजेची मोटर काटकसरी, उष्णता फारशी सांडत नाही, म्हणून उबेसाठी बॅटरीच खर्चावी लागते.

चिडचिड घेऊनच लाविकच्या धक्क्यावर पोहोचले. सोग्नेफ्योर्ड ही डोंगरांत शिरलेली समुद्राची खाडी ओलांडून पलीकडच्या ओप्पेडालला जाणाऱ्या याच मार्गावर 2015 मध्ये 'अँपिअर' ही बॅटरीवरची फेरीबोट सुरू झाली. पलीकडे जायला वीसेक मिनिटं, धक्क्यावर दहा मिनिटं, तेवढ्यात चार्जिंग. माझी चिमुकली गाडी अर्धा तास रुसून बसते आणि सुमारे 1,000 युनिटची बॅटरी पोटात घेऊन हिंडणारं जहाज दहा मिनिटांत पुढच्या फेरीपुरती वीज भरून घेतं, हे मला जरा लागलंच.

मग नवऱ्याने (वीज हा त्याचा धंदा, त्यामुळे थांबत नाही) सांगितलं ते खरं गंमतीचं. अडचण जहाजाची नव्हतीच. काठावरची गावं इवलीशी, तिथवर आलेली तार बारीक. दहा मिनिटांत एवढी वीज ओढली असती तर गावातले दिवे मिणमिणले असते. म्हणून दोन्ही काठांवर वेगळ्या बॅटऱ्या बसवल्या. जहाज पाण्यात असताना त्या सावकाश भरायच्या, ते धक्क्याला लागलं की गावची तार आणि या बॅटऱ्या मिळून भडाभडा ओतायच्या.

म्हणजे टाकीच की! नळाला करंगळीएवढी धार, म्हणून रात्रभर टाकी भरायची आणि सकाळी सगळ्यांच्या आंघोळी उरकायच्या. आपल्या प्रत्येक गच्चीवर हे तंत्रज्ञान कधीपासून आहे. फक्त टाकी फुकट मिळत नाही, भरताना-ओतताना थोडं सांडतं, आणि एक बॅटरी भरायला दुसरी विकत घ्यावी लागते. इथे नव्वदेक टक्के वीज पाण्यापासून होते, तरी शेवटच्या गावापर्यंतची तार जाड झालेली नाही.

त्यावरून आमचं थोडं वाजलं. इथला ट्रॉन्डहाइम ते बोडो हा 729 किलोमीटरचा रेल्वेमार्ग बहुतांशी डिझेलवर चालतो, आणि आपली 741 किलोमीटरची कोकण रेल्वे, एवढे बोगदे आणि दरडी सांभाळून, 2022 मध्ये पूर्ण विजेवर आली. हे मी ऑफिसातही ऐकवते. तिकडे गाड्याच कमी, तारांचा खर्च निघत नाही, असं उत्तर येतं. पटण्यासारखं आहे, पण लगेच पटवून घेत नाही. आणि आपल्या तारांतली बहुतेक वीज कोळशाची, हा भाग ऑफिसात मी कोणी विचारल्याशिवाय काढत नाही. तेल आणि गॅस विकून गब्बर झालेल्या देशाने तरी तो काढू नये.

राहिली माझी गाडी. 2023 मध्ये घेतली तेव्हा किमतीच्या पहिल्या 5 लाख क्रोनरवर व्हॅट नव्हता. पर्यावरणही होतंच मनात. पण व्हॅट आधी होता.

ओप्पेडालला उतरले तेव्हा 51 टक्के शिल्लक. बर्गनपर्यंत पुरले असते, हीटर बंद ठेवला तर. हातमोजे चढवले.