बॅकगॅमन लॉग: ब्लॉट सोडायचा की गपचूप सेफ खेळायचं

नागपूरचं ऊन 45 च्या घरात, दुपारी बाहेर पडायचा विषयच नाही, म्हणून कूलरसमोर बॅकगॅमनचा (फासे टाकून सोंगट्या घरी न्यायचा दोघांचा खेळ) बोर्ड मांडून सध्या एकच गोष्ट घोटून राहिलो: ब्लॉट, म्हणजे समोरच्याला मारता येईल अशी एकटी सोंगटी, कधी सोडायचा. शॉट, म्हणजे दोन फाशांच्या 36 दानांपैकी किती दानांनी ब्लॉट लागतो ते मोजणं, आता पाठ झालंय: मारणाऱ्यापासून एक घर दूर असला तर 11, मग 12, 14, 15, 15 आणि सहावर 17, सातवर एकदम 6. म्हणजे जवळ असाल तर अगदी चिकटून राहा नाहीतर सहाच्या पार निघा. पण नुसतं तेवढ्यानं भागत नाही भाऊ, लागल्यावर पुढं काय होईल तेही पाहावं लागते.

परवा धरमपेठेतल्या दोस्तासोबतची पोझिशन बघा. त्याच्या दोन सोंगट्या माझ्या बार पॉइंटवर (माझ्या बाजूनं सातवं घर), त्यांच्या मागं कोणीच नाही, माझ्या दोन 13व्या घरावर, आणि फासे पडले 4-1. तो म्हणे, "सेफ खेळ ना बे." सेफ म्हणजे 6/2, 6/5 (सहाव्या घरावरून एक दोनवर अन् एक पाचवर). आत कोणी मारत नाही हे खरं, पण स्वतःचाच बोर्ड भुसभुशीत करायचा अन् 13 चं झेंगट तसंच ठेवायचं.

मी 13/8 खेळलो. 13 वर एकटी उरली, त्याच्यापासून सहा घरं दूर, म्हणजे 17 शॉट दिले, बरोबर, पण त्याच्या होममध्ये (शेवटची सहा घरं) फक्त दोनच पॉइंट (दोन किंवा जास्त सोंगट्यांनी बंद केलेली घरं) होते. लागला असता तर 12 पिप (घरांची चाल) गेले असते, बारवर (मार खाल्लेली सोंगटी जिथं थांबते) अडकायचा चान्स 36 मधून 4, आणि मारायला त्याला बार पॉइंट मोडून जावं लागलं असतं, मग तिथं उरलेली एकटी सोंगटी माझ्या तोंडासमोर! शिवाय पुढं त्याचा बोर्ड पक्का होणारच होता, म्हणून रिस्क घ्यायची तर आत्ताच.

हेच त्याचे चार पॉइंट बंद असते तर? अडकायचा चान्स 36 पैकी 16. तिथं मी निमूटपणे आत ढकललं असतं, त्यातही त्याच्या हातात मोकळ्या चाली उरल्या नसतील तर अजूनच, कारण मग त्याचाच बोर्ड आधी तुटतो.

पॉल मॅग्रिएलनं त्याच्या बॅकगॅमनवरच्या पुस्तकात 1976 मध्येच हे मांडून ठेवलंय: समोरच्याचा बोर्ड कच्चा, त्याच्या होममध्ये ब्लॉट, आपला अँकर (समोरच्याच्या होममधला आपला पॉइंट) पक्का, आपल्या जास्त सोंगट्या मागं असल्या की बिनधास्त खेळा. अँकरवाला मुद्दा लोक हमखास विसरतात.

ओपनिंगच्या 2-1 ला 13/11 6/5 (पाचवर मुद्दाम एकटी सोडायची, हाच स्लॉट) खेळायला सुरुवात केलीये. 15 शॉट, लागला तर 20 पिप, ऐकायला भारी वाटते पण ग्नू बॅकगॅमन (चालींचं विश्लेषण करणारा प्रोग्राम) त्याला 13/11 24/23 च्या जवळपास बरोबरीत ठेवते आणि नाही लागला तर पाचचा पॉइंट बहुतेक आपला.

आता अडलंय ते मॅचच्या स्कोअरवर. समोरच्याला मॅच जिंकायला एकच गुण हवाय, क्रॉफर्ड (डबल करायला बंदी असलेला एक डाव) संपलाय, आपण मागे, तेव्हा स्लॉट किती ताणता तुम्ही लोक?