आईची सिटिझनशिप, तीही मराठीतून

टेक्ससमध्ये राहून लुलॅक, मॅल्डेफ या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनांची नावं कानावर पडतातच, पण त्या लॅटिनो लोकांच्या म्हणून आपले लोक तिकडे फिरकत नाहीत. मला ऑफिसातल्या मेक्सिकन मैत्रिणीने अक्षरशः ओढून नेलं, सॅन अँटोनियोतल्या अशाच एका संघटनेच्या फ्री वर्कशॉपला, आईचा एन-४०० म्हणजे सिटिझनशिपच्या अर्जाचा फॉर्म भरायला.

हॉलमध्ये सगळं स्पॅनिश चाललेलं, पण तुम्ही इथे कशा असं कोणी विचारलं नाही. पहिल्याच टेबलावरच्या बाईंनी ग्रीन कार्ड बघितलं, वय विचारलं आणि म्हणाल्या, यांना इंग्लिशची परीक्षाच नाही! वय ५५ च्या वर आणि ग्रीन कार्डवर १५ वर्षं झाली असतील तर सिव्हिक्सची, म्हणजे अमेरिकेचा इतिहास आणि सरकार यांवरची, तोंडी परीक्षा आपल्या भाषेत देता येते, दुभाषा तेवढा आपण न्यायचा. आणि आम्ही घरी आईकडून इंग्लिश वाक्यं गिरवून घेत बसलेलो.

खरी गोची पासपोर्टात होती. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आई साताऱ्याला सहा महिन्यांच्या वर राहिली होती, आणि तेवढं बाहेर राहिलं की अमेरिकेतलं सलग वास्तव्य तुटलं असं धरतात. फॉर्म तपासणारे आजोबा वकील नव्हेत, पण सरकारमान्य प्रतिनिधी, त्यांनी पुसट शिक्क्यांखाली फुटपट्टी धरून एकेक तारीख जुळवली आणि सांगितलं की हॉस्पिटलचे कागद, टॅक्स रिटर्न, घराची बिलं सगळं जोडा, घर इथेच होतं हे दिसलं पाहिजे.

प्रिंट निघेपर्यंत आजोबा जुन्या केसेस सांगत बसले. टेक्ससच्याच जॅक्सन काउंटीत २५ वर्षं ज्युरीवर एकही मेक्सिकन आडनाव नव्हतं, ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९५४ साली मेक्सिकन लोकांची बाजू जिंकली. मग टायलर गावची शाळा, कागद नसलेल्या पोरांकडून वर्षाला १००० डॉलर मागायची, मॅल्डेफने ती केस लढवली आणि अशा पोरांनाही सरकारी शाळा फुकट, हा १९८२ चा निकाल कुठल्याही देशाच्या पोराला लागू झाला, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

इंटरव्ह्यूला दुभाषी म्हणून शेजारच्या काकू आल्या. तेव्हाच्या, २०२५ पर्यंतच्या जुन्या परीक्षेत दहापैकी सहा उत्तरं बरोबर लागायची, आईची पहिली सहाही बरोबर आली तसं ऑफिसरने थांबवलं. बाहेर आल्यावर आई चिडलेली, एवढे शंभर प्रश्न पाठ केले आणि मेल्याने पुढचे विचारलेच नाहीत!