भुताचा टी-शर्ट

मे महिन्यातली दुपार. नातीच्या हट्टापायी हायवेलगतच्या एका छोट्याशा पार्कात गेलो होतो. पार्क म्हणजे एक आकाशपाळणा, एक पाण्याची घसरगुंडी, तीन गाड्यांवर मिळणारं एकाच चवीचं स्वीटकॉर्न आणि पार मागच्या कोपऱ्यात भूतबंगला. नातीला पाळणा नको, घसरगुंडी नको, भूतबंगलाच पाहिजे. तोही एकटीला नको, आजोबा पाहिजेत. आजोबांना उन्हातून सावलीत जायचंच होतं.

आत अंधार. थर्माकोलची कवटी, हिरवा बल्ब, आणि कुणाच्या सुपीक डोक्यातून आलं देव जाणे, अगरबत्तीचा वास. दुसऱ्या वळणावर भूत ‘हूऽऽऽ’ करून दोन्ही हात वर उचलून अंगावर आलं. नात किंचाळली. मी नाही किंचाळलो, कारण हिरव्या उजेडात मला आधी कॉलर दिसली. निळी, तिला पांढरी कड, आणि छातीवर डावीकडे पार्कचं चिन्ह. भुतानं पोलो टी-शर्ट घातला होता.

दोन वर्षांपूर्वी आलो होतो तेव्हा याच वळणावर काळा पायघोळ झगा होता. बाह्या इतक्या लांब की पंजे दिसत नव्हते. त्या वेळी मीसुद्धा किंचाळलो होतो. नात साक्षीला आहे.

बाहेर आलो तर तेच भूत दारात बसून पुढच्यांची तिकिटं फाडत होतं. विशीतलं पोरगं. म्हटलं, काय रे, झगा कुठं गेला?

‘‘नवीन मॅनेजर आलेत काका. म्हणाले, सगळ्यास्नी एकच ड्रेस. पाळण्याला बी हाच, कॅन्टीनला बी हाच.’’

‘‘आणि भुताला बी हाच?’’

‘‘भूत बी स्टाफच की.’’

यावर काय बोलणार?

मी शिंप्याचा मुलगा. स्वतः आयुष्यभर बँकेच्या काउंटरमागे बसलो, मशीनला पाय लावला नाही, पण डोळा अप्पांचाच राहिला. माणूस समोर आला की त्याच्या चेहऱ्याआधी मला त्याच्या शर्टाची काजं दिसतात. लग्नात नवरदेवाच्या शेरवानीचा खांदा उतरलेला दिसतो आणि मग अक्षता टाकेपर्यंत दुसरं काही दिसत नाही. बसच्या कंडक्टरच्या खाकी शर्टाचं वरून दुसरं बटण वेगळ्या रंगाचं असलं तर बेळगावपासून निपाणीपर्यंत मी त्या बटणाकडं बघत जातो. बायको म्हणते, लोकांना वाटतं तुम्ही रागानं बघताय. वाटू दे.

या डोळ्याला गेल्या काही वर्षांत एकच गोष्ट सगळीकडं दिसते आहे, ती म्हणजे हा पोलो टी-शर्ट. सिलिंडर आणून देणारा, लग्नात पुऱ्या वाढणारा, एटीएमची खोली झाडणारा, पेट्रोल भरणारा, आणि आता भूत. गठ्ठ्यानं तिरुपूरहून यायचे, एम, एल, एक्सएल वाटून टाकायचे. माप घ्यायला नको, ट्रायल नको. अप्पांच्या मापाच्या वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान असायचं आणि आकड्यांच्या खाली शिसपेन्सिलीनं बारीक टिपण: ‘डावा खांदा उतार’, ‘पोट येणार, शिलाईत दीड इंच ठेवणे’, ‘बायकोसमोर माप सांगू नये’. त्या वहीतली अर्धी माणसं आज नाहीत, पण त्यांचे खांदे मला पाठ आहेत.

रात्री झोपण्यापूर्वी कॅलिफोर्नियातल्या भाच्याला मेसेज टाकला, की आमच्याकडं भूत टी-शर्टात आलंय. त्याला थीम पार्कांचं वेड आहे. वर्षाचा पास काढून फिरतो, आणि मामा शिंप्याच्या घरातला म्हणून फोटो पाठवताना कपड्यांचे मुद्दाम पाठवतो. त्याचं उत्तर आलं ते सात-आठ फोटोंसकट.

डिस्नेवाले कामगारांना कामगार म्हणत नाहीत, ‘कास्ट मेंबर’ म्हणतात. नाटक कंपनीतले नट असावेत तसे. आणि गणवेशाला गणवेश म्हणत नाहीत, ‘कॉश्च्यूम’ म्हणतात. त्यांच्या पार्कात १९६९ साली उघडलेला एक भूतबंगला आहे. बाहेरून तो १९६३ पासूनच बांधून उभा होता म्हणे, आत भुतं यायला सहा वर्षं लागली. सरकारी कामं फक्त आपल्याकडंच रेंगाळतात असं नाही. तिथली भुतं सगळी यंत्राची. माणसं असतात ती त्या वाड्याच्या नोकरांच्या वेशात, बायका हिरव्या झग्यात आणि डोक्याच्या पट्टीवर वटवाघूळ. चेहरे मुद्दाम गंभीर. छातीवर पट्टी, तिच्यावर पहिलं नाव आणि खाली गावाचं नाव. मी फोटो मोठा करून पाहिला. काजं मशीनची होती, पण नेटकी.

दुसरा फोटो एका उंच इमारतीचा. तिथं २००४ पासून एक पडीक हॉटेल होतं. म्हणजे हॉटेल खोटं, त्याची लिफ्ट धाडकन खाली सोडायची, एवढाच खेळ. आणि स्टाफ सगळा जुन्या हॉटेलातल्या बेलबॉयच्या वेशात, डोक्यावर टोपी. भाचा म्हणतो, लिफ्टपेक्षा त्या पोरांचीच भीती वाटायची. जानेवारी २०१७ मध्ये ते बंद केलं आणि मेच्या अखेरीस उघडलं तेव्हा तीच इमारत परग्रहावरच्या कुणा संग्राहकाचा किल्ला झाली होती. आतून पडायचं तसंच, बेलबॉय मात्र गेले. फ्लोरिडात १९९४ पासूनचं तसलंच हॉटेल आहे, तिथं आहेत अजून. तेवढ्यासाठी भाचा विमानानं फ्लोरिडाला जाऊन आला. आमच्या घराण्यात हे असं चालायचंच.

मिश्यांची गोष्ट त्यानं सांगितली तेव्हा मात्र मला झोपेतून उठून बसावंसं वाटलं. डिस्नेलँड उघडलं १९५५ ला, आणि पुढं कितीतरी वर्षं, २००० सालापर्यंत, तिथल्या पुरुष कामगारांना मिशी ठेवायला बंदी. खुद्द मालकाला, वॉल्ट डिस्नेला, मिशी! दाढीला परवानगी २०१२ मध्ये आणि अंगावरचं गोंदण दिसलं तर चालेल हे २०२१ मध्ये. आमच्या गल्लीत असा नियम काढला असता तर चित्ररथच निघाला नसता.

चित्ररथ आला की मग मला आवरत नाही.

आमच्याकडं बेळगावात शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेची, आणि मग दोनेक दिवसांनी चित्ररथांची मिरवणूक. बाहेरगावच्यांना सांगून कळत नाही, त्यांनी एकदा मारुती गल्लीत रात्री दोन वाजता खांद्याला खांदा लावून उभं राहावं. गल्लीगल्लीचे ट्रॅक्टर, ट्रॉलीवर किल्ला, किल्ल्यावर गल्लीतलीच पोरं, मागं घरघरणारा जनरेटर. पहाटेपर्यंत चालतं. पैसेवाली मंडळं कोल्हापूरहून ड्रेपरी आणायची. आमचं मंडळ वर्गणीत कायम मागं, म्हणून आमची ड्रेपरी म्हणजे अप्पा.

त्या वर्षी आमच्या गल्लीची पावनखिंड होती. मी नऊ वर्षांचा, ट्रॉलीच्या अगदी मागच्या कडेचा मावळा. पुढच्या मावळ्यांचे अंगरखे शिवून होईतो पांढरं कापड संपलं. अप्पांकडं एका बँडवाल्याच्या ऑर्डरीतलं साटीन उरलं होतं, लालभडक, आणि सोनेरी फीत. ‘‘मागं अंधारातच असणार तू,’’ म्हणाले, आणि रात्रीत माझा अंगरखा तयार. फीतसुद्धा लावली, वाया कशाला घालवायची. आईनं काजळानं मिशी काढली, ती घामानं नरगुंदकर भावे चौकातच ओघळून हनुवटीवर आली.

ट्रॉली एका जागी तासभर अडकली. मला लघवीला जायचं होतं. उतरलो, बोळात गेलो, परत आलो तर समोर बँड. लाल साटीन, सोनेरी फीत. बँडमास्तरनं मला बघितलं आणि रागावून माझ्या हातात खुळखुळा कोंबला, ‘‘कुठं मरायला गेलतास बे?’’ आणि काय सांगू, मी वाजवायला लागलो. मी मावळा आहे, माझी खिंड तिकडं उभी आहे, असं म्हणायचं सुचलंच नाही. अंगावरचा कपडा जे सांगत होता त्याच्याशी वाद घालायची माझी टाप नव्हती. दोन गल्ल्या वाजवत गेलो. छान वाजवत होतो, असं मला अजून वाटतं. इकडं पावनखिंडीत एक मावळा कमी पडला म्हणून शोधाशोध, आई रडायला लागलेली. सापडलो तेव्हा अप्पांनी मला काही म्हटलं नाही. बँडवाल्याच्या बाहीला हात लावून म्हणाले, ‘‘धुतल्यावर आटलं न्हाई नव्हं?’’

त्याच चित्ररथावरचा शत्रूचा सरदार म्हणजे गल्लीतला एक पैलवान, उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला. मिरवणूक लांबली आणि त्याची पहाटेची पाळी आली. कपडे बदलायला घरी जायला वेळ नाही, म्हणून गडी जरीच्या अंगरख्यातच सायकल हाणत कारखान्यात गेला. गेटवरच्या वॉचमननं म्हणे उठून सलाम ठोकला. नंतर कितीतरी दिवस तो हे सांगायचा, आणि सांगताना भट्टीसमोरच्या त्याच्या अंगावर जळलेल्या ठिपक्यांचा बनियन असायचा.

भाचा म्हणतो, वॉल्ट डिस्नेला असलंच काहीतरी खुपलं होतं. भविष्यकाळाच्या विभागातून एक काउबॉय चालत निघालेला त्यानं पाहिला, आणि म्हणून फ्लोरिडाचं पार्क १९७१ मध्ये उघडलं ते खाली बोगदे करून, ज्याचा वेश त्यानं त्याच विभागात उगवावं. उद्यमबागेपर्यंत बोगदा खणायला आमच्या मंडळाकडं वर्गणी नव्हती.

असो. पंधरा दिवसांनी नातीला परत भूतबंगला पाहिजे झाला. मलाही जायचंच होतं, खोटं कशाला बोलू. दुपारची वेळ, गर्दी नाही. पोरगं ओळखीचं हसलं. म्हटलं, टी-शर्टात बरं वाटतंय की, उकडत नसेल.

‘‘झगाच बरा हुता बघा काका. उकडायचं, खरं कोण वळकत नव्हतं.’’

(आमच्याकडं ‘खरं’ म्हणजे ‘पण’. बाहेरून आलेल्यांना हे उमगायला आठवडा जातो.)

‘‘आता गावची बायकामाणसं येत्यात. मी हूऽ केलं की म्हणत्यात, अय्यो, हे आपलं धाकटं नव्हं? परवा एक मावशी आतच उभारली. आईचा गुडघा कसा हाय म्हणून इच्यारत बसली. मागं लाईन.’’

‘‘मग?’’

‘‘सांगितलं, बरा हाय.’’

त्याला हूऽऽऽ सोडून दुसरं काही बोलायला लागत नाही म्हणून ही नोकरी बरी वाटली होती, असंही म्हणाला. पार्कात निम्मी माणसं कन्नड बोलत येतात, निम्मी मराठी. हूऽऽऽला कुणी पाटी बदला म्हणत नाही.

झग्याचं काय झालं विचारलं तर त्यानं आत नेऊन दाखवला. मागच्या दाराला मोठी फट होती, तिच्यातून उजेड येऊन कवटीचा थर्माकोल दिसायचा, म्हणून झगा तिथं खिळ्याला टांगला होता. मी चष्मा काढून जवळ गेलो. साधं काळं पॉपलीन, कडेला इंटरलॉकही नाही, घाऊक शिवलेलं. पण दोन्ही काखांत चौकोनी तुकडा घातलेला. चौबगला! अप्पा अंगरख्याला घालायचे तसा. कापड वेगळं, जरा करडं. हाताचे टाके, मुंगीच्या पावलांएवढे, आणि डाव्या काखेत निम्म्यावर काळा दोरा संपून पुढं गर्द निळा.

‘‘हात वर केलं की उसवायचा,’’ पोरगं म्हणालं. ‘‘दिसात पन्नास डाव वर करायचे. आईनं घालून दिलंय.’’

मी तिथं किती वेळ उभा होतो कोण जाणे. नात बाहेरून हाका मारायला लागली.

‘‘मागितलाय मी मॅनेजरकडं,’’ तो म्हणाला. ‘‘रात्रीची थ्री फेज येती, तवा पाणी पाजाय जायला बरा पडंल. गार वारं असतंय शेतात.’’

‘‘अरे, लोक भितील की.’’

‘‘न्हाई हो. बॅटरी असती हातात.’’

पुढची मंडळी तिकिटं घेऊन आली. तो लगबगीनं आत निघाला. बाहेर आल्यावर लक्षात आलं, एवढ्या गप्पा झाल्या आणि नाव विचारायचं राहिलं. वळून पाहिलं. अंधारात शिरताना त्याची पाठ तेवढी दिसली, आणि तिच्यावर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत छापलं होतं, ‘स्टाफ’.