आप्पा, चुंबक आणि ३२ ची कूपे

निघायच्या दिवशी पहाटे पाचला फ्रिजसमोर वाणसामानाची यादी जमिनीवर पडलेली दिसली. उचलून ओट्यावर ठेवली, थर्मास भरला आणि विसरून गेलो.

आप्पा डिसेंबरात आले तेव्हापासून कंटाळले होते. गोल्डन गेट पूल दाखवला, तर "रंग बरा मारलाय" एवढाच शेरा. कोल्हापुरात उद्यमनगरात चाळीस वर्षं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज चालवलेल्या माणसाला कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या गल्लीत करण्यासारखं काही नव्हतं. इथं गाडीला पोचा आला की अख्खा दरवाजाच बदलतात, हे कळल्यावर दोन दिवस त्यांनी माझ्याशी धड बोलणं टाकलं होतं. शेवटी मी लॉस एंजेलिसजवळच्या पोमोनाची तिकिटं काढली. ग्रँड नॅशनल रोडस्टर शो, म्हणजे नटवलेल्या जुन्या गाड्यांचं प्रदर्शन, जानेवारीचा शेवट, फ्रीमाँटपासून साधारण सहाशे किलोमीटर.

पाचेको पासचा घाट उतरून आय-५ महामार्गाला लागलो तर दाट धुकं. सेंट्रल व्हॅलीत थंडीत हे असं धुकं बसतं, दहा पावलांवरचा ट्रक दिसत नाही. पुढे धुकं विरलं आणि कोलिंगाजवळ हजारो गुरांच्या गोठ्यांचा वास काचा बंद असतानाही आत आला. "आता कुठं गावाकडं आल्यावानी वाटाया लागलं," आप्पा म्हणाले आणि पिशवीतून तिळगुळाच्या वड्यांचा डबा काढला. रथसप्तमी व्हायची होती, त्यामुळे त्यांच्या हिशेबी संक्रांत चालूच होती. ग्रेपव्हाइनचा घाट चढून लॉस एंजेलिसच्या गर्दीत शिरेपर्यंत निम्मा डबा आम्हीच संपवला.

हा शो १९५० पासूनचा. सुरू झाला ओकलंडला, म्हणजे आमच्या घराशेजारीच म्हणायचं, आणि २००४ पासून पोमोनाच्या फेअरप्लेक्स मैदानावर भरतो. नाव रोडस्टरचं, मानाचं बक्षीसही रोडस्टरलाच. रोडस्टर म्हणजे पक्कं छत नसलेली दोन माणसांची उघडी गाडी. अमेरिकेतल्या सगळ्यांत देखण्या रोडस्टरला नऊ फूट उंचीचा करंडक मिळतो, त्यावर जुन्या विजेत्यांची नावं कोरलेली. कूपेने, म्हणजे छत असलेल्या दोनदारी गाडीने, कितीही नटून यावं, या करंडकावर तिचा हक्क नाही. ही सावत्र पोराची वागणूक जुनीच आहे. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तळ्यांवर पोरं गाड्या पळवायची, तिथल्या मोठ्या संघटनेने सुरुवातीची कितीतरी वर्षं कूपेला शर्यतीत उभंच केलं नव्हतं.

आम्ही मात्र पाय अडखळून थांबलो ते एका कूपेपाशीच.

१९३२ ची फोर्ड, पुढची सोडून तीन काचांची कूपे. पिकलेल्या जांभळाचा रंग, मडगार्ड चारही काढलेले. या गाड्यांच्या दुनियेत ३२ च्या फोर्डला जे स्थान आहे, ते समजायला तिचं इंजिन समजावं लागतं. हेन्री फोर्डने त्या वर्षीच्या मार्चअखेर व्ही-८ इंजिन बाजारात आणलं, ३.६ लिटरचं, ६५ अश्वशक्तीचं. तोवर आठ सिलिंडर ही श्रीमंतांची चैन होती, आणि इथे ऐन मंदीत पाचशे डॉलरच्या आतबाहेरच्या गाडीत ती मिळायला लागली. कारण फोर्डने आठही सिलिंडरचा ब्लॉक एकसंध ओतून दाखवला. हे मी सांगितलं तसे आप्पा वळले. "एका ओतात? आठ?" उद्यमनगरात भोवती सगळ्या फाउंड्रीच, त्यामुळे ओतकामात काय काय बिघडतं ते त्यांनी चहाच्या टपरीवर आयुष्यभर ऐकलेलं. धुराच्या वाटा त्याच ब्लॉकमधून, इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या पोकळीला लागून काढल्यामुळे ते इंजिन सारखं तापायचं, हेही सांगितलं. "तापणारच की," असं म्हणून त्यांनी हेन्री फोर्डला माफ केलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून परतलेल्या पोरांना या गाड्या जुन्या बाजारात किरकोळ भावात मिळायच्या. वजन कमी करायला मडगार्ड काढायचे, वारा कमी अडावा म्हणून छत कापून खाली बसवायचं. तो हॉट रॉड. पुढे त्याचाच सभ्य, बायकापोरांना घेऊन हजार मैल जाता येईल असा अवतार झाला, तो स्ट्रीट रॉड. १९४८ किंवा त्याआधीची गाडी आणि आत सगळं आजचं, अशी त्याची रूढ व्याख्या.

या कूपेच्या पोटात फोर्ड नव्हतंच. शेवरलेचं ६.२ लिटरचं एलएस-३ इंजिन, ४३० अश्वशक्ती, पेटीबंद नवंकोरं. फोर्डमध्ये शेवरले घालणं हा इथला सत्तर वर्षांचा भांडणाचा विषय. १९५५ मध्ये शेवरलेचं छोटं, हलकं व्ही-८ आलं, मागाहून ते भंगारात पैशाला पासरी मिळायला लागलं, आणि निष्ठा वगैरे खुंटीला टांगून लोकांनी ते फोर्डात बसवलं. माझं मत विचाराल तर मला तो जुना, तापणारा फोर्डच बरा वाटतो. पण गाडी माझी नाही आणि माझ्याने व्हायचीही नाही. किंमत विचारल्यावर बनवणारा नुसता हसला.

बनवणारा म्हणजे साठीचा, पांढऱ्या दाढीचा एक गृहस्थ, नखांच्या कडांत काळं. स्वतःचं दुकान, हाताखाली सहा माणसं, एका गाडीला तीन-चार वर्षं. त्याच्याशी बोलायच्या आधीच आप्पा खाली उकिडवे बसले होते. गाडीच्या रंगाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. दरवाजात हॉलच्या लांब दिव्यांचं प्रतिबिंब पडलं होतं, ते बघत ते बेडकासारखे उकिडवेच पुढे सरकत होते. पत्रा कुठे किंचितही उठलेला किंवा दबलेला असेल तर दिव्याची ती रेघ तिथे लचकते. दरवाजा संपून मागचा भाग सुरू होतो, तिथल्या फटीवरूनही रेघ सरळच्या सरळ पलीकडे गेली. आप्पा उठले, गुडघे चोळले आणि म्हणाले, "हात बसलाय गड्याचा."

मी भाषांतर केलं. त्याने विचारलं, हेही याच धंद्यातले का? मग पुढचा पाऊण तास मी नुसता दुभाष्या होतो, आणि निम्म्या वेळी त्याचीही गरज पडली नाही. छत तीन इंच कापलंय हे आप्पांनी बोटांनी दाखवून विचारलं. छताचे खांब थोडे आत झुकलेले असतात, त्यामुळे मधला तुकडा काढून छत खाली आणलं की वरचे-खालचे खांब एकमेकांवर बसत नाहीत. कुठे खांब कलता करायचा, कुठे छतच चिरून वाढवायचं. शिवाय झाळताना पत्रा तापून ओढला जातो, म्हणून इकडे एक टाका, तिकडे एक टाका, मध्ये गार होऊ द्यायचं. त्याने हवेत टाके घालून दाखवले. आप्पांनी डाव्या हातात डॉली, म्हणजे पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा, आणि उजव्या हातात हातोडी धरल्याचा अभिनय करून पुढची पायरी दाखवली. दोघंही हसले.

"इचार त्याला, सांध्यावर काय भरलंय? लांबी?"

लांबी म्हणजे पोचे-सांधे भरायची पुट्टी. त्याने नकारार्थी मान हलवली. शिसं. शिसं-कथलाची कांडी टॉर्चने मऊ करून लाकडी पट्टीने पसरायची आणि मग कानशीने घासत बसायचं. आप्पांचे वस्ताद साठच्या दशकात असंच करायचे म्हणे. मग डब्यातली लांबी आली, काम तासावर आलं आणि शिसं गेलं. "आमच्याकडं गिऱ्हाइकाला संध्याकाळी गाडी पायजे असती," ते म्हणाले. त्यात थोडी लाज होती, असं मला वाटलं. हे वाक्य मी भाषांतरित केलं नाही.

आणि तेवढ्यात त्यांनी खिशातून चुंबक काढलं. माझ्या फ्रिजवरचं, गोल्डन गेटचं चित्र असलेलं, यादी धरून ठेवणारं. पत्रा मूळचा आहे की फायबर, आणि सांध्यावर लांबी किती, हे बघायचं त्यांचं जुनं हत्यार. जाड लांबीवर चुंबक चिकटत नाही. मी त्यांचा हात धरला. चारी बाजूंना "हात लावू नये" च्या पाट्या, आणि हे बंगल्याच्या किमतीच्या रंगाला फ्रिजचं चुंबक लावणार! दाढीवाल्याने मात्र मागच्या खिशातून मऊ फडकं काढलं, चुंबक त्यात गुंडाळलं आणि आप्पांच्या हातात परत दिलं. या कूपेची दारं मागच्या बाजूला बिजागऱ्या असलेली, उलटी उघडणारी. त्याने एक दार उघडून धरलं, आणि आप्पांनी फडक्यासकट चुंबक खांबाच्या सांध्यावर ठेवलं. चिकटलं. चार बोटं वर, चिकटलं. छताच्या कडेला, चिकटलं.

आप्पांनी डबा उघडून त्याच्यापुढे धरला. "तिळगूळ घ्या, गोड बोला" चं इंग्रजी मी कसंबसं केलं. त्याने वडी तोंडात टाकली आणि दुसरीही उचलली.

शनिवारी बाहेरच्या मैदानावर लोक आपापल्या गाड्या चालवत घेऊन आले होते. आतल्या हॉलमधल्या गाड्यांखाली आरसे, इथल्या गाड्यांखाली तेलाचे थेंब. मला बाहेरचं जास्त आवडलं. एका गंजलेल्या पाच काचांच्या कूपेतून आजी-आजोबा उतरले, डिकीतून घडीच्या खुर्च्या काढल्या आणि दिवसभर सँडविच खात बसले. मागे सॅन गॅब्रिएल डोंगरांवर बर्फ. शेजारच्या ड्रॅग रेसिंगच्या म्युझियममध्ये आम्ही अर्धाच तास काढला, कारण आप्पांना "उभ्या गाड्या बघून झाल्या" होत्या.

जेवताना त्यांनी विचारलं, असली गाडी आपल्याकडे केली तर? करता येत नाही, मी म्हणालो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं, कंपनीच्या मूळ बांधणीत बदल केलेल्या गाडीची नोंदणी होणार नाही. इथे कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना धुराची तपासणीच माफ. अगदी नव्याने बांधलेल्या गाडीलाही सवलतीचं प्रमाणपत्र मिळतं, पण वर्षाला फक्त पाचशे, म्हणून जानेवारी उजाडताच लोक अर्ज घेऊन धावतात. आप्पांनी ऐकून घेतलं. "म्हंजे आम्ही जीपला महिंद्राच्या जागी दुसरंच इंजिन घातलेलं..." एवढं बोलून त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि बर्गर खायला लागले.

रविवारी परतताना केटलमन सिटीला पेट्रोल भरायला थांबलो. मी आत कॉफी आणायला गेलो. बाहेर आलो तर आप्पा आमच्या कॅमरीच्या मागे उकिडवे बसलेले, उन्हाकडे तोंड करून. ही कॅमरी मी दोन वर्षांपूर्वी एका डीलरकडून घेतली होती, "एकही अपघात नाही" असं छापलेल्या कागदासकट.

"हिकडं ये," ते म्हणाले. पुढच्या दरवाजावर त्यांनी चुंबक ठेवलं, टक् करून बसलं. मागच्या दरवाजावर बसलं. मग मागच्या चाकाच्या वर ठेवलं आणि हात काढला. गोल्डन गेट घसरत खाली येऊन डांबरावर पडला. त्यांनी उचलला, वीतभर पुढे ठेवला. पुन्हा पडला.

"किती दिलंस हिला?"

मी आकडा सांगितला. आप्पांनी चुंबक पँटला पुसून खिशात टाकलं आणि गाडीत जाऊन बसले. घर येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, फक्त लॉस बॅनोसपाशी एकदा म्हणाले, "आणि घासकाम बी बेकार केलंय."